मागच्या बाकावरची हवा

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की आम्ही डॉक्टर मंडळी बहुधा दोन वाटा धरतो. एक तर आपापल्या विषयातील नव्या संशोधनाचा आढावा, नाही तर परदेश प्रवासाचे वर्णन. या खेपेस माझ्या लेखात थोडा प्रवास आहे आणि थोडे वैद्यकही आहे. परंतु या दोहोंच्या मधोमध एक जुनी मोटारगाडी उभी आहे आणि तिच्या सायलेन्सरविषयी मला बरेच काही सांगायचे आहे. बालरोगतज्ज्ञाला सायलेन्सरशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ऑक्टोबर २०१८ पर्यंत मीही तेच विचारले असते.

वाड्यातील धडे

आमचे बालपण वडोदऱ्यात दांडिया बाजारातील एका वाड्यात गेले. वडिलांची लॅम्ब्रेटा हे अंगणातले दैवत होते. दोन स्ट्रोकचे इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळते. त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साठत जाते, धुराची वाट अरुंद होते आणि स्कूटर चढावर दमू लागते. मग वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या सुटीत, वडील सायलेन्सर उतरवून विस्तवात जाळीत, ठोकून काजळी पाडीत आणि पुन्हा चढवीत. बॅटरीचा उजेड धरणे हे माझे काम आणि पाने हातात देणे हे धाकट्या भावाचे. चढवताना सिलिंडर व नळीच्या मधले पॅकिंग मात्र दर वेळी नवेच लागे. आम्ही म्हणत असू, "बाबा, हे अजून चांगलं आहे की!" त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे, "जुनं पॅकिंग दिसायला चांगलं असतं, धूर धरायला नसतं."

त्या अंगणातून मी वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. भाऊ कलाभवनात गेला. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या त्या कलाभवनाच्या वास्तूत आता विद्यापीठाची तंत्रशास्त्र विद्याशाखा आहे. तेथून मेकॅनिकलची पदवी घेऊन तो इंग्लंडला गेला आणि डर्बी शहरात स्थिरावला. स्कूटरचे वेड मात्र त्याने बरोबर नेले होते. २०१५ मध्ये त्याने १९७१ सालची फोक्सवॅगन व्हॅन विकत घेतली.

हवेवर थंड होणारी गाडी

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बेन पॉन या डच मोटार विक्रेत्याने एप्रिल १९४७ मध्ये आपल्या वहीत एक चौकोनी खोके रेखाटले. चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सर्व जागा मालाला, अशी ती कल्पना होती. मार्च १९५० मध्ये तिचे उत्पादन जर्मनीत वोल्फ्सबुर्ग येथे सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हॅनोव्हरला गेले. १९६७ मध्ये दुसरी पिढी आली. समोर अखंड, फुगीर काच असलेल्या त्या गाड्या जर्मनीत १९७९ पर्यंत निघत होत्या. ब्राझीलमध्ये तर हे वाहन २०१३ अखेरपर्यंत तयार होत होते. तेथेही २००५ च्या अखेरपर्यंत त्याचे इंजिन हवेवरच थंड होत असे.

हवेवर थंड होणे म्हणजे काय, हे बजाज चेतक चालविलेल्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नाही. रेडिएटर नाही, पाणी नाही. पंखा वारा घालतो आणि सिलिंडरवरच्या पात्यांमधून उष्णता निघून जाते. भावाच्या व्हॅनचे १५८४ घनसेंटिमीटरचे, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे इंजिन याच तत्त्वावर चालते. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे आणि वर मोठा पंखा.

आता प्रश्न असा की इंग्लंडच्या थंडीत प्रवाशांना ऊब कोठून द्यायची? पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत गरम पाणी असते व त्यावरून हवा फिरवली की काम भागते. येथे पाणीच नाही. म्हणून अभियंत्यांनी उष्णतेचा दुसरा साठा वापरला, तो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा धूर. पुढच्या दोन सिलिंडरांचा धूर ज्या नळ्यांतून सायलेन्सरकडे जातो, त्या नळ्यांना पाती बसवून त्यांभोवती पत्र्याची पेटी केली. पंख्याचा काही वारा या पेट्यांतून जातो, धुराच्या नळीला बाहेरून स्पर्श करून तापतो आणि गाडीच्या पोटाखालच्या लांब नळकांड्यातून प्रवाशांच्या पायाशी येतो. या पेटीला हीट एक्स्चेंजर म्हणतात. तिच्यात आतून धूर वाहतो व बाहेरून आपण श्वासात घेणार ती हवा वाहते. मध्ये फक्त लोखंडाचा एक थर असतो.

वैद्यकीय वाचकांना ही रचना ओळखीची वाटेल. फुफ्फुसाच्या वायुकोशात एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त व मध्ये पातळ पडदा असतो. फरक एवढाच की तेथे वायूंनी पडदा ओलांडणे हे जीवन आहे आणि येथे वायूने पडदा ओलांडणे हा अपघात आहे.

सुधारणा

जुन्या गाडीचा छंद असलेल्या माणसाला गाडी आहे तशी ठेवणे फार काळ जमत नाही. २०१८ च्या वसंतात भावाने धुराची व्यवस्था 'सुधारायचे' ठरविले. मूळ रचनेत चारही सिलिंडरांच्या नळ्या कमी-जास्त लांबीच्या असतात. मागच्या दोन सिलिंडरांचा धूर थेट सायलेन्सरच्या डब्यात शिरतो व पुढच्या दोघांचा एक्स्चेंजरमधून वळसा घालून येतो. बाजारात याऐवजी बसवायचा चार नळ्यांचा जुडगा मिळतो. चारही नळ्या जवळपास सारख्या लांबीच्या असून शेवटी एका तोंडाशी मिळतात. एका सिलिंडरचा धूर वेगाने गेला की त्याच्या मागे क्षणभर ओढ निर्माण होते. ती ओढ पुढच्या सिलिंडरच्या धुराला बाहेर खेचते. वेगवान, मोठ्या इंजिनात याचा फायदा चांगला दिसतो. पन्नास अश्वशक्तीच्या साध्या इंजिनात शक्ती थोडी वाढते आणि आवाज पुष्कळ वाढतो.

जुडगा महाग होता. एक्स्चेंजर नवे घेतले तर खर्च दुपटीवर गेला असता. म्हणून जुनेच, वरून घासून व रंगवून पुन्हा बसवले. इंजिनाच्या मागच्या अंगाचा एक पत्रा नव्या नळ्यांना आडवा येत होता, तो काढून ठेवला. इंजिनाच्या कप्प्याभोवतीची रबरी पट्टी जागोजागी सुटली होती, ती 'नंतर बघू' या यादीत गेली. पॅकिंग मात्र त्याने नवे वापरले. वडिलांची शिकवण तेवढी पाळली गेली.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षी घडली. ब्रिटनमध्ये मोटारींची दरवर्षी सक्तीची तपासणी असते. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या गाड्यांना तिच्यातून सूट मिळाली. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर राहिली, पण गाडी वर उचलून खाली दिवा घेऊन जाणारा त्रयस्थ माणूस उरला नाही. भावाला सूट मिळाल्याचा आनंदच झाला होता. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

पीक डिस्ट्रिक्टची सहल

ऑक्टोबरच्या अखेरीस मी व पत्नी डर्बीला गेलो. आठ वर्षांच्या पुतणीला शाळेची आठवड्याची सुटी होती. शनिवारी सकाळी आम्ही चौघे व्हॅनने बक्स्टनला निघालो. भावजयीला त्या शनिवार-रविवारी काम होते, म्हणून ती घरीच राहिली. पुढे भाऊ आणि मी, मागच्या बाकावर पत्नी आणि पुतणी. त्या बाकाच्या मागे लगेच इंजिन आणि बाकाखाली गरम हवेचे एक तोंड. "दादा, आवाज ऐक!" भाऊ म्हणाला. आवाज खरोखर रुबाबदार होता. गाडीत पेट्रोलचा, तेलाचा व धुराचा मिसळलेला मंद वास होता. मला तो वाड्यातल्या लॅम्ब्रेटाचा वाटला आणि मी सुखावलो.

मॅटलॉक, बेकवेल असा तो डोंगराळ व वळणांचा रस्ता आहे. बेकवेलच्या पुढे पुतणीने डोके दुखत असल्याचे सांगितले. बक्स्टनला पोहोचताच तिला उलटी झाली. मी बालरोगतज्ज्ञ. वळणाचा रस्ता, आठ वर्षांचे मूल, मागचे बाक आणि हातात चित्रांचे पुस्तक. 'गाडी लागली' हे निदान मी गाडीतून उतरण्यापूर्वीच केले होते. सामानातून उलटीचे औषध काढून दिले. मोकळ्या हवेत अर्ध्या तासात ती धावू लागली. माझे औषध लागू पडले असे मी मानले.

रविवारी सायंकाळी परत निघालो. पाऊस होता, थंडी वाढली होती. काचा बंद करून ऊब पूर्ण सोडली होती. भावाने त्याच्या बाजूची छोटी तिकोनी काच सवयीने किलकिली ठेवली होती. मॅटलॉकच्या अलीकडे रस्त्याच्या कामामुळे रांग लागली आणि आम्ही इंजिन चालू ठेवून अर्धा तास मुंगीच्या पावलाने सरकलो. पुतणी पेंगत होती. थोड्या वेळाने पत्नी म्हणाली, "अहो, माझंही डोकं फार जड झालंय. मला कधी गाडी लागत नाही."

या एका वाक्याने मला २०११ च्या हिवाळ्यातील एक रुग्ण आठवला. दहा वर्षांचा मुलगा न्हाणीघरात बेशुद्ध सापडला होता. आकडी आली असे समजून तपासण्या झाल्या. त्या सर्व ठीक निघाल्या, तरीही मी त्याला आकडीचे औषध सुरू केले. तीन आठवड्यांनी त्याच न्हाणीघरात त्याची धाकटी बहीण चक्कर येऊन पडली. तेव्हा कोठे मी विचारले की पाणी कशावर तापवता. बंद खिडकीच्या लहानशा न्हाणीघरात गॅसचा गीझर होता. आकडीचा आजार एका मुलाला होऊ शकतो. एकाच खोलीत दोघांना एकसारखा त्रास झाला, तर दोष खोलीतल्या हवेत शोधावा लागतो. हे मी तेव्हा शिकलो होतो आणि शनिवारी साफ विसरलो होतो.

"गाडी थांबव. आत्ता," मी भावाला म्हणालो. रस्त्याच्या कडेला जागा मिळताच इंजिन बंद करून सर्वांना पावसात खाली उतरवले. पुतणीला हाक मारून उठवावे लागले, हे मी आजही विसरू शकत नाही. तिला धरून चालवले. पाचदहा मिनिटांत ती नीट बोलू लागली. भावजय आपली लहान गाडी घेऊन निघाली व आम्ही तिच्याबरोबर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलो. आज तसे घडले तर मी रुग्णवाहिकाच बोलावीन, कारण तिच्यात प्राणवायू लगेच मिळतो.

बोटावरचे ९९

रुग्णालयात प्रथम बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला गेला. आकडा आला ९९. भावाचा चेहरा उजळला. परंतु परिचारिकेने माझ्याकडे पाहून मान हलविली आणि रक्तवायूंच्या तपासणीसाठी रक्त घेतले. बोटावरचे ते यंत्र लाल व अवरक्त प्रकाशावरून हिमोग्लोबिन किती भरलेले आहे ते ओळखते, पण कशाने भरले आहे हे नेहमीच्या यंत्राला कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते.

रक्तातील निकाल वेगळा होता. पुतणीचे १४ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवले होते. पत्नीचे ९ टक्के, माझे ४ आणि भावाचे ३. धूम्रपान न करणाऱ्या माणसात हा आकडा साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आत असतो. चौघांच्या आकड्यांचा क्रम लावला तर गाडीतील बैठकांचा नकाशाच समोर येत होता. एका मागच्या बाकावर बसलेल्या दोघींमध्येही मुलीचा आकडा अधिक होता.

याचे कारण आपल्या शास्त्रात जुने आहे. हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो हे मांडले. पुढे १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन यांनी स्वतःवर प्रयोग करून त्याचे परिणाम नोंदले आणि खाणीत लहान प्राणी जवळ बाळगावेत असे सुचविले. लहान प्राण्याचा श्वास जलद असतो, म्हणून विषाची खूण त्याच्यात आधी दिसते. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्ष्यांची ही नेमणूक १९८६ पर्यंत चालू होती. मूलही वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते. त्या गाडीतला कॅनरी आमची पुतणी होती. तिने शनिवारीच खूण दिली होती आणि मी तिला उलटीचे औषध दिले होते.

साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे तास-सव्वा तास. पुतणी व पत्नी काही तास मुखवटा लावून बसल्या आणि मध्यरात्री आम्ही घरी परतलो. भाऊ वाटेत एक शब्द बोलला नाही. घरी पोहोचल्यावर एवढेच म्हणाला, "दादा, ते पॅकिंग मी नवीन लावलं होतं रे." मी म्हणालो, "आणि मी निदान जुनंच लावलं."

पुन्हा उजेड धरणे

व्हॅन दुसऱ्या दिवशी ओढून घरी आणली. विकून टाकावी असा भावजयीचा आग्रह होता आणि तो रास्त होता. भावाने तिच्याकडे तीन आठवडे मागितले. दोष कोठे होता हे न कळता गाडी दुसऱ्याला विकली तर तो दोषही विकला जाईल, हे त्याचे म्हणणे तिला पटले.

प्रथम मोजणी केली. कॅराव्हॅन व बोटींसाठीच्या ईएन ५०२९१-२ या मानकाचे, आकडा दाखविणारे सूचक यंत्र आणले. गाडी उघड्यावर उभी करून यंत्र मागच्या बाकावर ठेवले, दारे लावली, ऊब सोडली आणि आम्ही बाहेरून काचेतून पाहत राहिलो. दहा मिनिटांत आकडा दशलक्ष भागांत १८० वर गेला. घरगुती सूचकाने १०० भागांवर दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० भागांवर तीन मिनिटांच्या आत ओरडावे, असा दंडक आहे. हे लक्षात घेतले की आकड्याचा अर्थ कळतो. अशा जुन्या, कार्बोरेटरच्या इंजिनाच्या धुरात मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइड दोन-तीन टक्के, म्हणजे दशलक्षात वीस-तीस हजार भाग, असणे नेहमीचे आहे. त्याचा एक शतांश भाग आत आला तरी पुरतो.

मग गळती शोधली. त्याची युक्ती सायकलच्या ट्यूबची पंक्चर शोधण्याइतकी सोपी आहे. थंड इंजिनावर सायलेन्सरच्या बाहेरच्या तोंडात व्हॅक्यूम क्लीनरची उलटी फुंक सोडायची आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फवारायचे. जुडगा व एक्स्चेंजर जेथे पट्ट्याने जोडले होते तेथे दोन्ही बाजूंना बुडबुडे आले. भावाने नवे पॅकिंग लावलेल्या जागी मात्र एकही बुडबुडा नव्हता. तरीही एवढ्याने १८० भागांचा उलगडा होईना. मग गरम हवेच्या नळकांड्याच्या तोंडाशी हात धरला, तर तेथेही मंद फुंक लागली. म्हणजे धुराची वाट आणि श्वासाची वाट आतून कोठे तरी एक झाली होती.

नट सोडवणे हे खरे कष्टाचे काम होते. सिलिंडरचे डोके ॲल्युमिनियमचे, त्यात लोखंडी स्टड आणि वर सत्तेचाळीस वर्षांचा गंज. जोर केला तर स्टड तुटतो. रात्रभर गंज सोडविणारे तेल, सकाळी गॅसच्या ज्योतीचा शेक आणि मग आधी किंचित आवळून नंतर सैल करणे, अशा क्रमाने आठपैकी सात निघाले. आठवा तुटला. तो ड्रिलने कोरून काढण्यात एक अख्खा शनिवार गेला. मी उजेड धरून उभा होतो. काही बदलले नव्हते, फक्त वाडा व वडील नव्हते.

उजवा एक्स्चेंजर उतरल्यावर त्याची पत्र्याची पेटी कापून उघडली. बाहेरून गुळगुळीत, काळा रंग दिलेला. आत फ्लँजजवळ नळीला बोटभर लांबीची तडा गेलेली, भोवती काजळी. ही झाली एक वाट. दुसरी वाट अधिक फसवी होती. इंजिनाच्या कप्प्याभोवतीचे रबर व मागचा पत्रा यांचे काम धुराची गरम खालची बाजू आणि पंख्याची थंड वरची बाजू अलग ठेवणे हे असते. पत्रा काढलेला, रबर सुटलेले. त्यामुळे सांध्यातून गळलेला धूर पंखाच वर ओढून घेत होता आणि ऊब म्हणून आत पाठवीत होता. दोन्ही दोष जुडगा बसवताना समोर आले होते. एकाला रंग दिला गेला, दुसरा यादीत राहिला.

या खेपेची सुधारणा निराळी होती. चार नळ्यांचा जुडगा काढला. मूळ नमुन्याचे, आत पाती असलेले नवे एक्स्चेंजर आणले. बाजारात पाती नसलेले स्वस्त प्रकारही मिळतात, पण ते ऊब कमी देतात. ऊब कायमची सोडून द्यावी व साध्या नळ्या बसवाव्यात असाही एक पर्याय होता. परंतु मग थंडीत काचेवरचे धुके जात नाही आणि तोही धोकाच आहे. सायलेन्सर स्टेनलेस स्टीलचा, पण मूळ आकाराचा घेतला. प्रत्येक फ्लँज सपाट काचेवर ठेवून तपासला, एक किंचित वाकडा निघाला तो घासून सरळ केला. सर्व पॅकिंग, पट्टे व नट नवे. नट टॉर्क पान्याने वीस न्यूटन मीटरपर्यंतच आवळले, इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा तपासले. मागचा पत्रा जागेवर गेला. इंजिनाच्या कप्प्याचे व मागच्या दाराचे रबर बदलले, कारण मागे सपाट असलेल्या गाडीच्या पाठीशी धूर घोटाळतो व फटीतून आत येतो. जुडग्यासाठी कार्बोरेटरमध्ये घातलेला मोठा जेट काढून मूळ जेट बसवला.

साबणाचे पाणी पुन्हा फवारले, एकही बुडबुडा नाही. यंत्र मागच्या बाकावर ठेवून इंजिन तासभर चालविले. आकडा शून्यावरून हलला नाही. नंतर भावाने एकट्याने, काचा बंद करून, बक्स्टनपर्यंत जाऊन-येऊन पाहिले. शून्य. गाडीचा आवाज आता शिवणयंत्रासारखा झाला होता. रुबाब गेला होता.

मी वडोदऱ्यास परतल्यावर महिनाभराने पुतणी व्हॅनमध्ये पुन्हा बसली. आधी तिने यंत्राचा आकडा स्वतः वाचला. आता ती मोठी झाली आहे, पण ती सवय कायम आहे. भाऊ सूट असूनही गाडी दरवर्षी स्वेच्छेने तपासणीला नेतो. त्रयस्थाचा दिवा आपल्या दिव्यापेक्षा वेगळ्या जागी पडतो, असे तो म्हणतो.

आपल्या घरांसाठी

आपल्याकडे अशा व्हॅन नाहीत, मग हे सारे येथे कशाला? कारण वायू तोच आहे. गॅस गीझरमुळे न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या रुग्णांची वर्णने भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी आली आहेत. त्यांतील काहींना प्रथम आकडीचे रुग्ण समजले गेले होते. बंद खोलीतील शेगडी, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली मोटार, दुकानाच्या मागच्या खोलीतला जनरेटर, ही सर्व त्याच वायूची घरे आहेत. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ते शक्य नसेल तर आधी बादली भरावी, गीझर बंद करावा, खिडकी उघडावी आणि मगच दार लावावे.

तरुण डॉक्टर मित्रांना एक विनंती आहे. डोकेदुखी, मळमळ, चक्कर किंवा अकारण बेशुद्धी घेऊन मूल आले, विशेषतः हिवाळ्यात, तर तीन प्रश्न विचारावेत. घरात आणखी कोणाला असाच त्रास झाला का? ती जागा सोडल्यावर बरे वाटले का? तेथे काय जळत होते? बोटावरच्या ९९ वर समाधान मानू नये. शंका आली की प्राणवायू लावावा, आणि रक्त घेण्यास विलंब करू नये, कारण पुरावा तासागणिक निम्मा होत जातो.

भावाने पुढे मला एक पाकीट पाठविले. त्यात उजव्या एक्स्चेंजरच्या नळीचा तडा गेलेला तुकडा होता. तो माझ्या दवाखान्यातील टेबलावर कागद दाबून ठेवण्याच्या कामी येतो. येणारी मुले तो उचलून पाहतात आणि ही काय वस्तू आहे असे विचारतात. वेळ असेल तर मी सांगतो. नसेल तर त्यांच्या आईवडिलांना एवढेच विचारतो, "घरी पाणी कशावर तापवता?"